पहिल्या नंबरचा गूळ

यवतहून पुण्याला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक आबा आणि त्यांची सून बसले होते. सून एकदम ओरडलीच.

"आबा, आला! गुगलवर आपला गूळ परत पहिला आला!"

"हळू बोल, पोरी. सगळी गाडी बघतीया."

"बघू द्या की! वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली, तवा एक पान हरवू दिलं न्हाई मी. जुना सर्व्हरबी चालू ठेवला. तरी आठ दिवस आपण गायब! आन् का, तर तुम्ही 'गुगलला दाखवू नका'वर टिक करून बसलावता."

"मग? नवं घर बांधताना आपण काळी बाहुली टांगतो का न्हाई? तिथं टांगायला जागा न्हवती. लपवायचं बटण दिसलं, दाबलं."

"आवो, मी पासवर्ड फोटो टाकायला दिलावता!"

"आन् नजर लागली असती म्हंजी?"

"लोकांनी बघितलंच न्हाई तर गूळ घेणार कोण, आबा? परवा मी टिक काढली, म्हणून आज दिसतोय."

"बरं बाई, चुकलं. कंडक्टरसायब, तुम्हीबी बघा की. 'यवतचा गूळ' टाका."

"टाकलं. व्हय, पहिलाच हाय! गूळ झकास दिसतोय, आबा. पण ढेपेशेजारी ही काळी बाहुली कशाला?"

"आबा!"

"परवा तूच लपवायचं न्हाई म्हणलीस न्हवं? मग काल फोटो टाकला."