रॅमच्या खाचेत कुंकू

(चंद्रपूर, २००६. दिवाळीआधीचे दिवस. तहसीनच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, उघडलेल्या कम्प्युटरपुढे.)

तहसीन : मावशी, हे रॅमच्या खाचेत कुंकू कसं काय आलं?

गुणाबाई : दसऱ्याचं हाये. माही पोरगी करिष्मा दरसाली पूजा करे. डब्याले वरून एक बोट लावे, बस. औंदा मी केली.

तहसीन : डबा खोलून?

गुणाबाई : वरचा पत्रा काऊन पूजायचा? ती तं रोज आतमंदीच हात घालून राहे. हळद लावली, कुंकू लावलं, पाणी शिंपडलं. तवापासून नुसता टीं-टीं करते.

तहसीन : या अल्ला! रॅम जळली. पण घाबरू नका, तुम्ही म्हणता ते रेकॉर्ड केलेलं गाणं हार्ड डिस्कमधे राहते. ती ठीक दिसते.

गुणाबाई : गाणं घेऊन काय करू? धान रोवण्याचं गाणं, माह्यंच हाये. मधात मधात ती बोले, ‘आई, हळू म्हण’, ‘आई, हासू नको’. ते पाहिजे मले. फोटू दोन हायेत. आवाज कुठीच नाई.

तहसीन : आमच्या कम्प्युटर क्लासमधे किती बडबड करायची ती! सर वैतागून जायचे. मावशी, मले कोणी कळवलं पण नाई.

गुणाबाई : मलेरिया डोक्यात गेला. धानोऱ्याहून गडचिरोलीले नेता नेता गेली. कोणाले कळवाचं सुचते?

तहसीन : खाच साफ झाली. थांबा, दुसरी रॅम लावते.

गुणाबाई : मले लावू दे. मीच बिघडवलं.

तहसीन : ...बरं. वायर काढलेली आहे. पहिले पदर खोचा, नायलॉनची साडी वीज धरते. आता या लोखंडाले हात लावा. हं. रॅम कडेनं पकडा, सोनेरी दातांना बोट नको.

गुणाबाई : अशी?

तहसीन : उलटी. तिचा काप अन् खाचेतला उंचवटा समोरासमोर आणा. आता दोन्ही अंगठ्यांनी दाबा. अजून.

गुणाबाई : मोडंन ना व!

तहसीन : नाई मोडत. सरळ दाबा. दोन्ही बाजूचे चाप आपोआप लागतात.

गुणाबाई : लागले!

तहसीन : शाब्बास. वायर लावते... झाला चालू. ‘आईचं गाणं’. हेच ना?

गुणाबाई : लाव, लाव.

तहसीन : ...मस्त गाता मावशी.

गुणाबाई : माह्यं सोड. आता बोलंन पाह्य, आता... काऊन नाई बोलली? इथी तं मले टोकलं होतं तिनं.

तहसीन : मावशी, हे बघा. या रेघा तुमचा आवाज. मधात इथे सपाट आहे. तिनं आपलं बोलणं पुसून टाकलं.

गुणाबाई : काऊन?

तहसीन : तुमचं गाणं साफ यावं म्हणून. रेडिओवाल्यांना द्यायचं होतं तिले.

गुणाबाई : वापस नाई येत?

तहसीन : नाई मावशी.

गुणाबाई : ह्या सपाट जागी तीच बोलत होती ना पण?

तहसीन : हो. इथून इथपर्यंत.

गुणाबाई : मंग गाणं नको लावू. तेवढंच लाव.