काएरू, काएरिमास

...आता तुमीच सांगा, म्हशीला कुणी वाकून नमस्कार घालतंय व्हय? दोन्ही हात मांड्यांला चिकटवून, कमरंत वाकून, "नोमिमास का?" आणि म्हस बघतीया माझ्याकडं, की बाई गं, ह्याला झालंय तरी काय! मी त्या मुक्या जनावराला काय सांगणार? शेवटाला मास लावायचं म्हणं!

तर तुमास्नी सांगते, आमचं मालक, गणपतराव. दुधाचा कट्टा हाय आमचा. गिऱ्हाइकाम्होरं म्हस पिळायची आणि फेसाचा पेला हातात द्यायचा. आवाज असा, की हितं "ओ पावणं, पेला ठेवा!" म्हटलं, की तिकडं कागलात कोणतरी हातातला पेला खाली ठेवतंय. असला गडी साठीला टेकल्यावर जपानी शिकाय लागला... आणि ती बी नम्र जपानी! आवो, मराठी तर नम्र येऊ दे आधी!

पर कारण हुतं. पुनी, आमची पूर्णिमा, एकुलती लेक, तिकडं ओसाकाला कंपनीत हाय. गेल्या साली फोन आला, "आबा, मी हितं एक मुलगा पसंत केलाय. दाइची नाव हाय त्याचं." मालक वरडलं, "दाईची? कुठल्या दाईची?" पुनीला हसू आलं, आणि तिथंच बिघडलं बघा. "दात काढतीस? ठेव फोन! परत करू नगंस!" तिनं ठेवला. बापाचीच लेक ती, परत केला न्हाय. वरीसभर बोलणं बंद. मी आपली स्पीकरवर बोलायची तिच्यासंगं, आणि ह्यो गडी शेजारी बसून दुधाची चरवी घासायचा. फोन लांबला की घासणं लांबायचं. झिजली ओ चरवी!

मग एक दिवस पुनी म्हणाली, "आई, दाइचीचं आई-बाप येणार हाईत, रीतसर मागणी घालाय. लई हळू बोलत्यात गं ती. आबा वरडलं तर भितील. त्या दिवशी आबास्नी मुरगूडला आत्याकडं धाडशील का?"

चरवी थांबली. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतोय! पर न्हाय. उठलं, गपगुमान गोठ्यात गेलं. माणूस वरडला की मला काळजी नसती ओ... गप बसला की समजायचं, डोक्यात कायतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवसापासनं सांजच्याला मालक गायब! कुठं? तर राजारामपुरीत, जपानीच्या क्लासात, कॉलेजच्या पोरांत मांडी घालून! शिकवणारी प्रीतीबाई, आमच्या पुनीच्याच वयाची. तिनं सांगितलं, "काका, ताबेरू म्हणजे खाणं. त्यातला रू काढायचा आणि मास लावायचं. ताबेमास. झालं नम्र."

मालक म्हणालं, "बाई, मास लावून नम्र? आमच्यात मास आलं की नळीवरनं भांडणं हुत्यात!"

मग नोमू, म्हंजे पिणं. ह्यात रू न्हायच, मग काढायचं काय? तर मू चा मि करायचा, नोमिमास. घरी येऊन ताटावर तेच, अंघोळीला तेच. कट्ट्यावर गिऱ्हाइकाला वाकून इचारत्यात, "पावणं, नोमिमास का?" त्यो बिचारा म्हणतोय, "न्हाय मालक, आज सोमवार हाय, मास चालत न्हाय." आणि मला हळूच, "आक्का, दवाखान्यात दाखवलंसा का?" काय दाखवू? शेवटाला मास लावायचं म्हणं!

आणि एका शब्दावर गाडी अडकली. काएरू. म्हंजे घरी परतणं. मालकांनी रू काढला आणि म्हणालं, काएमास. प्रीतीबाई म्हणाली, "नाही काका, हा फसवा आहे. ह्याचा रू जात नाही, त्याचा रि होतो. काएरिमास."

"का जात न्हाय?"

"अपवाद आहे, काका."

"आयला, घरी परतायचंच अवघड करून ठिवलंय व्हय!" म्हणालं, आणि वही उघडली. नंतरचा सगळा तास त्योच एक शब्द गिरवला. प्रीतीबाईनंच सांगितलं मला.

आली ओ पावणी! व्याही एवढंसं, टोपी हातात. विहीणबाई जणू मोगऱ्याची कळी. त्यांच्यामागं दाइची, आणि सगळ्यांच्या मागं पुनी, मान खाली. मालक दारात. इस्त्रीचा सदरा, कपाळाला घाम. वाकलं... म्हशीपुढं वाकत्यात त्याच्यापेक्षा दोन बोटं जास्तच! म्हणायचं हुतं "हाइरिमास का?", आत येताय का? आणि तोंडातनं गेलं काय? "काएरिमास का?" म्हंजे, जाताय का परत? उंबऱ्यातच! आणि एवढ्या अदबीनं!

व्याही वाकलं, विहीणबाई वाकली, आणि व्याह्यांनी बॅग उचलली की ओ!

मागनं आवाज आला. पुनी! हसाय लागली, हसता हसता रडाय लागली. म्होरं आली, बापापुढं वाकली जपान्यासारखी, आणि म्हणाली, "आबा... काएरिमाश्ता." परत आले मी घरी.

मालकांनी तिला खांद्याला धरून सरळ उभं केलं. आणि कधी न्हाय ते हळू आवाजात म्हणालं, "मास काढ ते."

"काय, आबा?"

"मास काढ म्हणतो. परक्यास्नी लावत्यात ते. घरात साधं बोलायचं, बाईनं शिकवलंय मला. साधं बोल."

"आले की ओ आबा!" म्हणून तिनं गळ्याला मिठी मारली, आणि ह्या गड्यानं असा हुंदका दिला, की गोठ्यात म्हस हंबारली. पावण्यांनी बॅग खाली ठेवली. रडणं त्यास्नी न सांगता कळालं.

लगीन ठरलं. आता दर रविवारी मोबाईलवर विहीणबाईसंगं "ताबेमाश्ता का?", जेवलासा का? आवाज कसा? तुपागत! परवा मी म्हटलं, "आवो, एवढ्या गोडीनं एकदा माझ्यासंगं बोला की. लावा मला बी मास!"

माझ्याकडं बघितलं. म्हणालं, "खुळी. तू काय परकी हाईस व्हय?"

काय सांगू तुमास्नी... ह्या वयात लाजले ओ मी! पदर सावरतीया तोवर गल्लीभर आवाज गेला, "बसलीस काय? ऊठ, च्या टाक!"

टाकला. काय करता... घरचीच पडले ना मी!