यमुनामावशीचं हळदीचं गाणं

मी मूळची सापगावची, घरची भाताची शेती, चार बहिणींत मी धाकटी, नि लगीन होऊन आले ती मुरबाडला, यांच्या कॅसेटच्या दुकानात. हे आत टेप दुरुस्त करायचे, मी पुढं बसायची. बाहेर एक फळा होता, त्यावर मी दर सोमवारी खडूनं लिवायची, या हप्त्याला कुठली गाणी जास्त खपली, एक नंबर, दोन नंबर, असं दहापर्यंत. लोक एसटीतून उतरले का आधी फळा बघायचे.

नव्वदच्या पुढचा काळ असंल, माझं लगीन नुकतंच झालेलं. दोन लगीनसराया एक नंबरला एकच नाव, शेणव्याची यमुनामावशी. लावणी करणारी बाई, म्हंजे भाताची लावणी हां, ती दुसरी नाय. तिच्या गाण्यात आई पोरीला हळद लावते नि सांगते रडू नको, आणि सांगता सांगता आईचाच आवाज फाटतो. काय सांगू तुम्हाला, मी दिवसातून वीसदा ऐकायची, तरी तिथं आले का हातातलं काम थांबायचं.

मग धडधड वाजणारी गाणी आली, मावशी उतरत उतरत फळ्यावरूनच गेली. कंपनीनं कॅसेट बंद केली. त्यातच तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, गाणं संपलं, बोलणं पण कुजबुजल्यासारखं. पुढं नवरा वारला. बाजारात भेटली तर गाण्याचा विषयच काढू द्यायची नाय.

सीडी आल्या तेव्हा कंपनीचा माणूस दुकानात आला. म्हणाला, वहिनी, जुनी गाणी परत काढतोय, पण मावशीची मूळ टेप ओलीनं गेली, नव्या मुलीकडून गाऊन घेतो. मी म्हटलं, मुलगी गाईल हो चांगली, पण तो आवाज फाटतो तिथं काय कराल? माझ्या स्वतःच्या हळदीला वाजलेली कॅसेट मी कपाटात जपली होती, ती काढून दिली. त्यावरनंच सीडी केली, मागची खरखर तशीच.

आणि सीडी आल्यावर चौथ्या सोमवारी मी फळ्यावर परत लिवलं, एक नंबर, यमुनामावशी. बहिणीच्या लग्नासाठी सीडी घ्यायला आलेल्या उंबरमाळीच्या एका भावाला मी इचारलं, इतकी नवी गाणी असताना हेच का? तो म्हणाला, थोरल्या बहिणीच्या हळदीला हे होतं, आता आई नाय, धाकटीला आईचं सांगणार कोण?

मी मावशीला बोलावून फळा दाखवला. तेवढ्यात एक बाई तीच सीडी घ्यायला आली, मी म्हटलं, गाणारी ही बघा. बाई मावशीच्या पाया पडली, म्हणाली, माझ्या पोरीला पयली हळद तुमीच लावा. मावशी कुजबुजली, मी विधवा गो, माझा हात कसा चालंल? बाई म्हणाली, इतकी वर्सं तुमचा आवाज चालला, मग हात का नाय?

मावशी गेली. मी पण गेले होते. तिनं पोरीच्या गालाला हळद लावली, आणि कोणी नाय म्हटलं नाय.

आता सीडी पण गेल्या, आमी मोबाइलमधी गाणी भरून देतो. लगीनसराईत मावशीला लोक घ्यायला येतात, ती लुगडं बदलून जाते. तिचं असंच चालत राहो, एवढंच मागते मी.