चौदाही जण उभे

हॅलो?… हां ताई, बोल… अगं हळू, ऐकू येतंय मला… वाचनालयातच आहे. दुसरीकडे कुठे असणार मी?

हो, चालली! लिफ्ट चालली गं! खालच्या फरशीपासून थेट वाचनकक्षाच्या दारापर्यंत. एकोणीस पायऱ्या, आणि एकही चढायची नाही… छे, जुन्या दगडाचा टवकासुद्धा उडाला नाही. त्या जुन्या वास्तूवाल्या साहेबांनी एक खिळा मारू दिला नाही भिंतीला. आपल्या पायांवर वेगळी उभी आहे बिचारी.

पण गंमत ऐक ना… अगं ऐक तर! खालचं बटण. चौदा जणांनी दाबून बघितलं. इंजिनिअर, साहेब, आमचे अध्यक्ष, शिपाई, मी… सगळे खूश! आणि आज सकाळी मी सहज खुर्ची आणून बसले, तर माझा हातच पोचेना. चौदाही जण उभे होते, ताई… हसतेस काय? मला रडू आलं… मेकॅनिक कानापर्यंत लाल झाला. लगेच काढलं त्याने, खाली बसवलं. आता बसल्या बसल्या हात जातो.

म्हणून म्हणते, तू ये… उद्घाटनाला नको गं. आज. वाचनालय बंद आहे, मी आणि मेकॅनिक, बस्स… झाली ना चाचणी, सिमेंटची चार पोती ठेवून… तुला पोतं कोण म्हणतंय? माझे आई, शब्दात पकडू नकोस.

हं… हं… माहीत आहे मला. त्या वेळी चौघांनी चाकांच्या खुर्चीसकट उचलून पायऱ्यांवरून वर आणलं तुला. सगळ्यांसमोर हसलीस, आणि नंतर नऊ वर्षं इथे यायचं नाव काढलं नाहीस. मी काय आंधळी आहे?… कोणी हात लावणार नाही. मीसुद्धा नाही. दार तू लावायचं, बटण तू दाबायचं.

मी आणते ना पुस्तकं घरी, पण हे काय कारण झालं?… काय?… एकही वाचलं नाहीस?

अगं, दर शनिवारी आणतेय! मग ‘छान होतं’ का म्हणायचीस?… माझं मन मोडू नये म्हणून? वा गं वा!… मला वाटलं, घरात बसून कंटाळशील, तेवढंच जग फिरशील, म्हणून प्रवासवर्णनं… नाही, रडत नाहीये. जरासं… मग हवंय काय तुला?

खून?

अगं बाई, दोन कपाटं भरून आहेत रहस्यकथा!… नाही. घरी एकही आणणार नाही. स्वतः येऊन निवड… हो, धमकीच समज.

ताई?… आहेस ना?… हाक कुणाला मारतेस? भाऊजींना? गाडी काढायला?… बरं. बरं. ठेव आता, बोलत बसलीस तर बेत फिरेल तुझा… नाही, मी खाली येणार नाही घ्यायला. मी वर थांबते. तू ये.