कोरडा पुठ्ठा

तुम्ही म्हणता, मी गिऱ्हाइकाशी बोलतच नाही. एकदा बोललो होतो, ते ऐका.

रेल्वेतून रिटायर झालेले एक काका बुढापारा ही जुनी वस्ती सोडून नव्या रायपुरात फ्लॅटमध्ये राहायला गेले. एकटेच. त्यांच्या जुन्या गाडीच्या इंजिनाचं बाजूचं झाकण गळायचं आणि पार्किंगच्या फरशीवर तेल सांडायचं. सोसायटीनं सांगितलं, गळती बंद करा, नाहीतर गाडी बाहेर काढा. काकांनी गाडी माझ्या गॅरेजात आणली. आधी कोणीतरी बोल्ट इतके आवळले होते की झाकणच वाकलं होतं. मी ते ठोकून सरळ केलं, नवं पॅकिंग टाकलं आणि बोल्ट बेतानं आवळले.

आठवड्यानं काकांचा फोन आला. "अरे पोट्ट्या, पुन्हा गळून राहिलं!"

मी हातातलं काम टाकून त्यांच्या पार्किंगमध्ये गेलो. तेल टिपायला गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा अगदी कोरडा होता.

"काका, कुठं गळून राहिलं?"

"वर चल. पहिले चहा घे."

कप माझ्या हातात देऊन काका हळूच म्हणाले, "शेजारची दीदी रोज बेल वाजवायची. 'काका, फिर तेल गिरा है!' भांडायची, मग बसून गप्पा मारायची. आता तेल नाही, तर बेलही नाही."

मी चहा संपवला. काकांसोबत खाली आलो, बॉनेट उघडलं, झाकणावरून कपडा फिरवला. कपड्यावर तेलाचा डाग नव्हता.

"काय म्हणते गाडी?" काकांनी विचारलं.

"जुनी आहे काका," मी म्हटलं. "दर रविवारी येऊन पाहावं लागन."