बंद जम्पची दोरी

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, तीही अधूनमधून. त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल, आणि अक्षर तर माझं मलाच कधी कधी लागत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझ्या भावाची मुलगी सायली हिने मी पोळ्या लाटत असताना जे सांगितलं, ते मी दुपारी घर रिकामं असलं की बसून लिहिलं आहे. ती बोलली तसंच ठेवलं. इथे अमेरिकेत, नोव्हायला, सगळेच बोलताना इंग्रजी मिसळतात, ते शब्द मला ऐकू आले तसे लिहिले. माझ्याबद्दल बोलली तेही खोडलं नाही. हे कोणाला दाखवायचं नाही. पण कुठेतरी लिहिलेलं असावं असं वाटलं.

लिहितेस ना आत्या? मग नीट लिही, कारण आपल्या इथल्या मराठी मंडळातले लोक ही गोष्ट वेगळीच सांगतात आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझा जन्म चिंचवडचा. बाबा तिथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर, मग त्यांना मिशिगनला नोकरी लागली आणि आम्ही इथे नोव्हायला आलो तेव्हा मी सहा वर्षांची, इंग्रजी येत नव्हतं, सारखं नाक गळायचं, एवढंच आठवतं. शाळेतून टेकडीवर न्यायचे. टेकडी म्हणजे काय सांगू तुला, पर्वती तिच्यापेक्षा उंच असेल, पण बर्फ पडलेला आणि वर न्यायला खुर्च्यांची लिफ्ट, मला वाटलं हाच हिमालय. बाराव्या वर्षी मी स्नोबोर्डवर, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायच्या फळीवर, उभी राहिले. तिथे मोठ्या मुलांनी बर्फाचा एक उंचवटा रचला होता, त्यावरून वेगाने यायचं, हवेत उडायचं आणि पलीकडच्या उतारावर उतरायचं, त्याला जम्प म्हणतात. एकच होती आणि ही एवढी मोठी. दोन हिवाळे मी कडेला उभी राहून नुसती बघत होते. नुसती बघत होते आत्या! कारण मधलं काही नव्हतंच, जिना नसलेली माडी होती ती, एक तर खाली उभं राहा नाही तर एकदम वर उडी मारा. तिसऱ्या हिवाळ्यात मारली उडी आणि समोरचा दात तोडून घरी आले. आई तेव्हा होती. ती म्हणाली, बरं झालं, आता तरी घरी बसशील.

नाही बसले. पुढे आई गेली, तू आलीस, मी कॉलेज अर्धवट सोडलं आणि टेकडीवर कामाला लागले. हातात दाताळं घ्यायचं, बर्फ ओढायचा, सारखा करायचा. मंडळातल्या काकू विचारायच्या, काय गं सायली, अजून बर्फच उकरतेस का, आमच्या ड्राइव्हवेवर पण येऊन जा की एकदा. सगळ्या हसायच्या. बाबाही हसायचे त्यांच्याबरोबर. ते मी विसरलेले नाही.

टेकडीचा मालक रॉन. माणूस वाईट नाही पण त्याला पोस्टरवर फोटो पाहिजे, एक मोठी जम्प आणि त्यावर उलटा झालेला एक पोरगा. मी त्याला म्हटलं, रॉन, तुझ्या फोटोत एक जण उडतोय आणि बाकीचे कडेला गारठतायत, ते पुढच्या वर्षी येणार नाहीत, मीच ती कडेला उभी राहणारी मुलगी होते. तो म्हणाला, जा, कुंपणालगतचा कोपरा घे, तिथे कोणी फिरकत नाही, कर तुला काय करायचं ते.

आता हे नीट ऐक, कारण सगळं भांडण यावरच आहे. स्नोबोर्डवाल्यांनी घसरायच्या आणि उड्या मारायच्या अशा जागेला पार्क म्हणतात, आणि पार्क म्हणजे बर्फात नुसत्या वस्तू मांडायच्या नसतात. माझ्या कोपऱ्यात पहिला होता तो बॉक्स, लाकडाचा, वर गुळगुळीत पांढरं प्लास्टिक, पलंगाएवढा रुंद आणि बर्फात असा पुरलेला की त्यावर चढावंसुद्धा लागत नाही, नुसतं सरळ जायचं. पुढचा घोट्याएवढा उंच. त्याच्या पुढचा तेवढाच उंच पण अरुंद. मग उंबऱ्याएवढी जम्प, मग गुडघ्याएवढी, आणि सगळ्यात शेवटी मोठी. जिथे उभे आहात तिथून पुढचं दिसलं पाहिजे, आणि नको वाटलं तर कोणी हसल्याशिवाय बाजूने निघूनही जाता आलं पाहिजे. उतार असा धरायचा की आधीचं नीट जमलं तर पुढच्याला लागतो तेवढाच वेग मिळतो. वेग कमी पडला तर माणूस जम्पच्या माथ्यावरच आपटतो, जास्त झाला तर उतार ओलांडून सपाटीवर आदळतो. उतारावर पडलं तर घसरून जातो, सपाटीवर पडलं तर हाड मोडतं. म्हणून सगळा खेळ वेगाचा, आणि वेग शिकायचा तो पहिल्या बॉक्सपासून. एक चष्मेवाली बाई होती, केस पिकलेले, ती सगळा महिना पहिल्या बॉक्सवरूनच जायची. एक दिवस दुसऱ्यावरून गेली आणि अशी किंचाळली की लिफ्टमधले लोक वळून बघायला लागले. मी दाताळं टाकून टाळ्या वाजवल्या. तेवढं एक सुख होतं त्या कामात, बाकी पाठदुखी.

आणि मग मंडळाची सहल आली. दोन हजार पाचचा हिवाळा. सगळी कुटुंबं टेकडीवर, तू केलेल्या पोळ्या, कोणाची पावभाजी, लॉजमध्ये अंताक्षरी. आदल्या दिवशी ऊन पडून बर्फ वितळला होता आणि नंतर कडक गोठला, मोठ्या जम्पचा उतार काचेसारखा झाला होता. अशा वेळी ती बंद करायची, वरचा थर यंत्राने फोडून मऊ होईपर्यंत कोणाला सोडायचं नाही. मी तिच्यासमोर दोन बांबू आडवेतिडवे रोवले, नारिंगी दोरी बांधली आणि यंत्र आणायला शेडकडे गेले.

तेवढ्यात पराडकर काका. बाबांच्या कंपनीत बाबांच्या वर दोन पायऱ्या, आणि मंडळाचे अध्यक्ष. त्यांची ऋचा अकरा वर्षांची. तिला शाळेत तिसरीतून एकदम पाचवीत घातली होती, हे त्यांनी सकाळपासून सगळ्यांना सांगून झालं होतं. ती बिचारी पहिल्या बॉक्सपाशी रांगेत उभी होती. काका म्हणाले, हे बाळांचं आहे, तू काय यावर वेळ घालवतेस, आजीला व्हिडिओ पाठवायचाय, चल त्या मोठ्या जम्पवर. तू चहाचा थर्मास घेऊन तिथेच होतीस, तू ऐकलंस. ऋचा म्हणाली, बाबा, इट्स क्लोज्ड. आणि हा माणूस काय म्हणाला? अगं, आपल्या सायलीताईचंच पार्क आहे, आपल्याला कोण अडवणार! आणि एका हाताने दोरी वर उचलली आणि दुसऱ्या हातात कॅमेरा.

ओळख! आपल्या लोकांना कुठेही जा, ओळख लागते. देवळात ओळख, दवाखान्यात ओळख, आणि इथे बर्फालासुद्धा यांची ओळख लागणार होती. बर्फ विचारतो का, कोणाच्या गावचे तुम्ही म्हणून?

पोरगी काचेवरून सुटली, उतार ओलांडून थेट सपाटीवर पडली आणि मनगट मोडलं. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी घालावी लागली. मी यंत्र घेऊन आले तर ती बर्फात बसलेली, रडत नव्हती, पांढरीफटक, आणि मला म्हणते, सॉरी ताई. ती मला सॉरी म्हणाली! आणि तिचे बाबा सगळ्या लोकांसमोर माझ्यावर ओरडले की ही मुलगी मुलांसाठी सापळे बांधते.

घरी आल्यावर तू बाबांना सगळं सांगितलंस. मला आठवतंय, ओट्याला टेकून, खाली बघत, पण सांगितलंस, दादा, दोरी त्यांनीच उचलली, मी पाहिलं. आणि बाबा काय म्हणाले? शेवंते, तू यात पडू नकोस, तुला त्यातलं काय कळतंय. तुला कळत नाही! दोरी वर गेली की खाली आली हे बघायला काय इंजिनीअर व्हावं लागतं? आणि तुला चौथीतून काढलं ते कोणाची फी भरायची म्हणून काढलं, हेही लिही इथे. नाही लिहिणार म्हणतेस, पण लिही.

बाबांना तुझं पटलं होतं, हाच माझा राग आहे. पटलं नसतं तर मी समजू शकले असते. त्या वर्षी कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज होती, म्हणून बाबा गेले आणि विम्याने न दिलेला ऋचाच्या दवाखान्याचा सगळा खर्च पराडकरांना देऊन आले. मला न विचारता. त्यांनीही घेतला. मी म्हटलं, बाबा, तुम्ही पैसे नाही दिले, तुम्ही माझ्या नावाने कबुली दिली, की माझ्या मुलीने तुमच्या मुलीचा हात मोडला. ते म्हणाले, अगं, संबंध टिकवावे लागतात. मी त्यांच्याशी होळीपर्यंत बोलले नाही. मंडळात तर ठरूनच गेलं, सायलीचं पार्क धोक्याचं, तिच्या वडिलांनी भरपाई दिली म्हणजे काहीतरी असेलच ना.

रॉन पार्क काढून टाकायला निघाला होता. मी त्याच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, एक हिवाळा दे, फक्त एक. मग नियम केला. पार्कला एकच दार, ते पहिल्या बॉक्सपाशी. आणि चौदा वर्षांखालचं मूल असेल तर आई किंवा बाप, जो कोणी बरोबर येईल त्याने स्वतः आधी पहिल्या बॉक्सवरून जायचं. सगळ्यांनी, कोणाचीही ओळख असो. रॉन म्हणाला, आईबाप पळून जातील. गेले काही. पण बरेच उभे राहिले, आणि काहींना पोरांपेक्षा जास्त मजा यायला लागली.

पुढच्या हिवाळ्यात ऋचा आली. तिने घरी हट्ट करून करून बापाला आणलं होतं. काका भाड्याचे बूट घालून पहिल्या बॉक्ससमोर उभे, आणि म्हणतात, सायली, हे काय गं, मला पण? मी म्हटलं, नियम आहे काका. ते म्हणाले, बाळांचं आहे हे. मी म्हटलं, मग सोपंच आहे. बर्फाच्या बरोबरीचा बॉक्स आत्या, त्यावर काहीच करायचं नसतं, नुसतं घाबरून मागे रेलायचं नसतं. ते रेलले. दोन्ही पाय पुढे गेले आणि माणूस असा आडवा झाला की टोपी उडून कुंपणाला लागली. ऋचा ओरडली, बेंड युअर नीज, बाबा! मी हात दिला त्यांना. माया आली म्हणून नाही दिला. माझ्या पार्कमध्ये पडले होते म्हणून दिला.

त्याच हिवाळ्यात संक्रांतीला मंडळाच्या कार्यक्रमात ते तिळगूळ घेऊन आले, आणि तिळगुळाबरोबर पाकीट. म्हणाले, दवाखान्याचे अर्धे पैसे आहेत, झालं गेलं विसरून जा, टाळी एका हाताने वाजत नाही, तिळगूळ घ्या गोड बोला. मी पाकीट परत त्यांच्या हातात ठेवलं. म्हटलं, काका, टाळी वाजलीच नव्हती. दोरी उचलली होती, आणि ती एका हातानेच उचलता येते. बायका बघत होत्या. बाबांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं. तिळगूळ मी घेतला नाही, गोड तर मुळीच बोलले नाही.

मग ऋचा येतच राहिली. पहिला, दुसरा, अरुंद, उंबरा, गुडघा. कधी मागे यायची, पुन्हा पहिल्यापासून. मी एक दिवससुद्धा तिला चल पुढे असं म्हटलं नाही, तिचं तिला कळायला हवं. आणि यंदा जानेवारीत ती मोठ्या जम्पसमोर उभी राहिली, तीच जम्प, तिथेच, तोच उतार, मी सकाळी हाताने ओढून मऊ केलेला. पराडकर काका खाली उभे होते. ती आली, उडाली आणि उतारावर अशी उतरली की आवाजसुद्धा आला नाही. त्यांनी जम्पकडे पाहिलं. मग बराच वेळ जिथे दोरी बांधतात तिकडे पाहत राहिले.

संक्रांतीला ते घरी आले, तू होतीसच. सोफ्याच्या कडेवर बसले, चहा नको म्हणाले, पाकीट पुढे केलं. आणि आपले बाबा, तीन वर्षं माझं नाव त्या पैशाखाली दबलेलं आणि बाबा काय म्हणतात, अहो राहू द्या हो, कशाला, घरचेच तुम्ही. माझ्या अंगाची आग आग झाली. काका पाकीट मागे घेणारच होते, आपल्यात तसंच करतात ना, एकाने राहू द्या म्हणायचं आणि दुसऱ्याने बरं म्हणायचं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू उठलीस. पदराला हात पुसलेस, मधे गेलीस आणि पाकीट त्यांच्या हातातून घेतलंस. कधी कोणासमोर मान वर करत नाहीस तू. म्हणालीस, सगळे आहेत ना?

ते खाली बघून म्हणाले, हो वहिनी, सगळे.

वहिनी नाही, म्हणालीस, मी बहीण आहे यांची. आणि पाकीट बाबांच्या मांडीवर ठेवलंस.

माफी अजून कोणी मागितलेली नाही, ते म्हणाले नाहीत आणि बाबाही म्हणाले नाहीत, बाबा आजपर्यंत टेकडीवर आलेले नाहीत. माझा राग गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही. रॉनने मधला उतारही मला दिला आहे, तिथे आता पहिला बॉक्स आणखी रुंद करायचा आहे. ऋचा सुखी राहो. एवढं लिही, आणि शेवटी लिही की पैसे परत आले, सगळे.