अबोल्यात पडलेल्या खाचा

हिंगोलीत एक दत्ता होता, त्याची बायको सुमन होती, अन् दोघांच्या मधी भरडून निघालेली मी, दत्त्याची माय. घराच्याच पुढच्या खोलीत त्याचं धातू कापायचं मिलिंग मशीन. हळदीच्या एका कारखान्यानं त्याला ॲल्युमिनियमच्या पट्टीत नखाच्या कडेएवढ्या बारीक खाचा पाडायला सांगितल्या. जमलं तर सालभराचं काम त्यालाच, न्हाई तर नांदेडच्या माणसाला.

खाचा पाडायची चकती पापडावानी पातळ. मशीनचं चाक हातानं हळूहळू फिरवायचं, जरा हिसका बसला की चकती मोडली. अन् आमची सुमन नवऱ्याचं नाव घेत न्हाई. आतून एकदम ओरडायची, "अवं, ऐकलं का?" दत्त्या दचकायचा. कट्ट.

"काय झालं?"

"चकती मोडली."

"मी तर कांदे संपले, एवढंच सांगून राहिले."

दुसरी चकती 'चहा ठेवू का'च्या पायी गेली. शेवटची उरली तवा दत्त्या कावला, "तोंड बंद ठेवायचं काय घेशील, बाई?"

झालं, सुमननं अबोलाच धरला. "आत्याबाई, त्यांला म्हणावं, जेवून घ्या." "माय, तिला म्हणावं, भूक न्हाई." या दारातून त्या दारात माझ्या पायाचे तुकडे पडले. पर घर असं गपगार झालं, की साऱ्या खाचा बराबर उतरल्या अन् सालभराचं काम आमच्याच घरी आलं.

आता नवी पट्टी आली की दत्त्या हळूच म्हणतो, "माय, आज आमचं जरा भांडण लावून दे."